काकांच्या मृत्यूचं उत्तर कोणी दिलं नाही

मे २०२१. लस घेतल्यानंतर अकराव्या दिवशी आमच्या गल्लीतले एक काका गेले. बीपी-शुगर आधीपासूनच होती. संध्याकाळी पारावर निकाल लागून गेला होता, "लशीनंच गेला थो!"

पुढच्या बुधवारी आमच्या जिल्हा परिषद शाळेत लसीकरण होतं. दुपारपर्यंत सात जण आले. कोव्हिशील्ड लसीची एक बाटली फोडली की चार तासांत दहा डोस संपवावे लागत, म्हणून नर्सताई आणखी तिघांची वाट बघत बसून राहिल्या. आशाताई उन्हात दारोदार फिरल्या. एका घरातून आजीबाई म्हणाल्या, "आमाले माराले आली काय वं बाई?" आदल्याच वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात मी याच आशाताईंसोबत दारोदार फिरलो होतो. तेव्हा त्याच घरानं आम्हाला चहा पाजला होता.

या सगळ्याला लोक 'अफवा' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. माणूस खरंच गेला होता आणि लसही खरंच घेतली होती. लोकांनी दोन्ही जोडलं, कारण दुसरं काही सांगायला कोणी आलंच नाही. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस सुरू झाली होती. एवढ्या लोकांत काही जण त्याच आठवड्यात दुसऱ्या आजारानं जाणारच, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. पण ते समोर बसून सांगावं लागतं. काका नेमके कशानं गेले हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. लसीनंतर गंभीर काही घडलं तर नोंद करायची आणि जिल्ह्याच्या समितीनं तपासायचं, असा नियम आहे. तपासलं असेलही. काकूंना मात्र आजवर कोणी एक कागद दाखवला नाही.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणत नाही. खोटे मेसेज तपासणारं सरकारी पीआयबी फॅक्ट चेक होतं, सरकारच्याच मायगव्हचा व्हॉट्सॲप नंबर होता, फोन लावला की खोकल्याची ट्यून होती. एप्रिल २०२० पासून व्हॉट्सॲपनं जास्त फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं करून टाकलं. पण आमच्याकडे मोबाईल एकाचा आणि ऐकणारे दहा. 'लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरते' हा मेसेज गावात कोणी वाचला नव्हता, सगळ्यांनी ऐकला होता. त्यावर मारलेला लाल 'फेक'चा शिक्का मी पाहिला, पारावर बसणाऱ्या एकानंही नाही.

आणि वरून येणारं सांगणं तरी एकसारखं होतं का? 'कोविड हवेतून पसरत नाही, हे तथ्य आहे' असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्ये ठासून सांगितलं. पुढे तेच बदलावं लागलं. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग ६ ते ८, आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६. त्यामागे कारणं असतील, पण गावात पोचला तो फक्त नवा आकडा. लोक म्हणाले, लस संपली म्हणून तारीख वाढवली. आमच्या गावात तर आर्सेनिक अल्बम या होमिओपॅथीच्या औषधाच्या गोळ्या घरोघरी वाटल्या गेल्या. त्यानं कोविड थांबतो याचा पुरावा नव्हता, तरी आयुष मंत्रालयानं जानेवारी २०२० मध्येच तसा सल्ला दिला होता. ज्या हातांनी त्या गोळ्या दिल्या त्याच हातांनी वर्षभरानं लस आणली. लोकांनी फरक कशावरून करायचा?

गुन्हे दाखल करून हे सुटत नाही. धाक दाखवला की लोक बोलणं बंद करतात, मानणं बंद करत नाहीत. ऑक्सिजन-बेडसाठी सोशल मीडियावर मदत मागणाऱ्यांवर कारवाई करू नका, हे ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, यातच आलं सगळं.

पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात 'डोसानं पोरं वांझ होतात' असं पसरलं होतं. तिथे इमाम आणि मोहल्ल्यातल्या बाया सोबत आल्या, तेव्हा दारं उघडली. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. आपल्या मेळघाटातही कोरकू भाषेतून बोलून, भुमकांना म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्यांना सोबत घेऊन लोकांना समजवावं लागलं.

आमच्याकडे आशाताईंनी पुढच्या वेळी पद्धत बदलली. "काही होत नाही" म्हणणं सोडलं. "ताप येईन, अंग दुखन, दोन दिवस वावरात जाऊ नका, ही गोळी ठेवा, रात्री-बेरात्री मले फोन करा," असं सांगू लागल्या. पहिल्या पाच जणांना खरंच ताप आला आणि उतरला. त्यानंतर रांग लागली. हे त्यांना कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं आणि त्यासाठी वेगळा मोबदलाही मिळाला नाही.

माझं मागणं एवढंच आहे. लसीनंतर किंवा साथीत गावात कोणी गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गावात यावं, घरच्यांची परवानगी घेऊन जे कळलं ते मराठीत, तोंडी सांगावं. अजून कळलं नसेल तर तसं सांगावं आणि पुन्हा यावं.

गेल्या पोळ्याला काकूंनी मला विचारलं, "मास्तर, आमचे हे कायनं गेले, कोनी सांगन काय आता?" मी त्यांना अर्ज लिहून दिला. आरोग्य केंद्रात नेऊन दिला, पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही.