बुकेलेचा तुरुंग सगळ्यांना दिसतो, ग्वाटेमालाचं कस्टम्स कुणालाच नाही

एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष बुकेले यांनी बांधलेल्या त्या अवाढव्य तुरुंगाचे, मुंडण केलेल्या, अंगभर गोंदलेल्या कैद्यांचे व्हिडिओ ग्रुपवर आले की खाली ठरलेली कॉमेंट पडते: "आपल्याला असाच माणूस पाहिजे." खून कमी झाले, हे खरंच आहे. ज्या दुकानदारीणबाईकडून टोळीवाले हप्ता न्यायचे तिला मी मानवी हक्कांवर प्रवचन देणार नाही. पण शेजारच्या ग्वाटेमालात जे घडलं, त्याचे रील कुणी बनवत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिथलं छत्तीस वर्षांचं यादवी युद्ध 1996 मध्ये संपलं. लष्करी हेरखात्यातले काही लोक मात्र घरी बसले नाहीत. कस्टम्स, पोलीस, तस्करी, जिथे पैसा तिथे त्यांनी बस्तान मांडलं. खुनाला शिक्षा होणं हाच अपवाद झाला. शेवटी संयुक्त राष्ट्रांशी करार होऊन 2007 मध्ये 'सिसिग' हा, अशा मोकाट गुन्हेगारांचा छडा लावणारा आयोग उभा राहिला. प्रमुख परदेशी, पण खटले ग्वाटेमालाच्याच सरकारी वकिलांबरोबर, तिथल्याच कोर्टात. मला ही रचना फार आवडते. परदेशी माणसाला मेव्हण्यामार्फत निरोप धाडता येत नाही!

2009 मध्ये रोद्रिगो रोझेनबर्ग या वकिलाचा खून झाला. मरण्याआधी त्याने व्हिडिओ करून ठेवला होता, की मी मेलो तर राष्ट्राध्यक्ष कोलोम यांनीच मला मारलं असं समजा. लोक रस्त्यावर आले, सरकार डळमळलं. सिसिगने धागा धागा उलगडला आणि निष्कर्ष काढला की स्वतःची सुपारी रोझेनबर्गनेच दिली होती. म्हणजे पुराव्याने एक राष्ट्राध्यक्ष वाचला.

पुढचा वाचला नाही. एप्रिल 2015 मध्ये 'ला लिनेआ' प्रकरण फुटलं. आयातदाराने एका फोन लाइनवर संपर्क साधायचा, कंटेनरवरची ड्युटी कमी लावून घ्यायची, वाचलेल्या पैशातला वाटा टोळीला द्यायचा. तपासयंत्रणा महिनोन् महिने हे फोन ऐकत होती. म्होरक्या म्हणून नाव आलं ते उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती यांच्या खासगी सचिवाचं. दर शनिवारी राजधानीचा चौक माणसांनी भरायला लागला. मे महिन्यात बाल्देत्तींनी राजीनामा दिला, सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओतो पेरेझ मोलिना राजीनामा देऊन तुरुंगात. 2022 मध्ये दोघांना सोळा वर्षांची शिक्षा झाली. हे पेरेझ मोलिना कोण? माजी जनरल, लष्करी हेरखात्याचे एकेकाळचे प्रमुख, आणि 'गुन्हेगारांना पोलादी हाताने मोडून काढतो' या आश्वासनावर निवडून आलेले. वरच्या कॉमेंटवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

नंतर आले जिमी मोरालेस, टीव्हीवरचे विनोदी नट. घोषणा: 'ना भ्रष्ट, ना चोर'. चौकशी त्यांच्या भावापर्यंत आणि मुलापर्यंत गेली (दोघे पुढे निर्दोष सुटले, तेही सांगायला हवं), मग पक्षाच्या निवडणूक निधीपर्यंत. तेव्हा आयोगाचे प्रमुख इव्हान वेलास्केझ अचानक नकोसे झाले. दर दोन वर्षांनी मुदत वाढवण्याची विनंती राष्ट्राध्यक्षांनी करायची, अशी सोय होती. मोरालेस यांनी ती केलीच नाही. 3 सप्टेंबर 2019 ला सिसिगला टाळं.

परदेशी माणसं विमानात बसून गेली. देशी अडकली. भ्रष्टाचारविरोधी विभागाचे सरकारी वकील हुआन फ्रान्सिस्को सांदोवाल यांना 2021 मध्ये काढलं, त्याच रात्री त्यांना देश सोडावा लागला. एरिका आयफान, मिगेल आंखेल गाल्वेझ यांच्यासारखे न्यायाधीशही परागंदा झाले. मला या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा दोष हाच वाटतो: पाहुण्याला संरक्षण होतं, घरच्याला नव्हतं.

2023 मध्ये लोकांनी बेर्नार्दो आरेव्हालो यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं. निकाल उलथवण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा तोतोनिकापानच्या आदिवासी पंचायतींच्या हाकेवर हायवे अडवले गेले. जानेवारी 2024 मध्ये मध्यरात्रीनंतर कसाबसा शपथविधी पार पडला. पण सांदोवाल यांना काढणाऱ्या महाभियोक्ता, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रमुख, कोन्सुएलो पोरास त्यानंतरही खुर्चीवर कायम राहिल्या. त्यांना हटवता येईना, कारण 2016 मध्ये, सिसिगच्या ऐन भराच्या काळात, कायदा बदलला होता: अंतिम शिक्षा झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांनी महाभियोक्त्याला काढायचं नाही. प्रामाणिक वकिलाला राजकारण्यांपासून वाचवायला केलेली ती तरतूद होती.