मुंबईत बातम्यांचा रेडिओ चालणार नाही, हे कशावरून?

"मुंबईत चोवीस तास फक्त बातम्या देणारा रेडिओ काढला तर सहा महिन्यांत गाशा गुंडाळावा लागेल. बातम्या मोबाईलवर मिळतात, दिवसभर सांगण्याइतक्या बातम्या नसतात आणि न्यूयॉर्कमध्येसुद्धा असं स्टेशन बंद पडलंच." हे मत सगळीकडे फिरतंय आणि जाणती माणसंही त्यावर मान डोलावतात. मला ते साफ अमान्य आहे.

आधी न्यूयॉर्क. 1967 पासून बातम्या देणारं डब्ल्यूसीबीएस 880 ऑगस्ट 2024 मध्ये बंद झालं, हे खरं. पण त्याच कंपनीचं दुसरं बातम्यांचं स्टेशन, 1010 विन्स, 1965 पासून सुरू आहे आणि 2022 मध्ये ते एफएमवरही आलं. एकाच मालकाच्या दोन स्टेशनांपैकी एक गेलं, एवढाच त्याचा अर्थ. वॉशिंग्टनचं डब्ल्यूटीओपी तर बातम्यांचंच, आणि अमेरिकेतल्या सगळ्या रेडिओ स्टेशनांत कमाईत ते कित्येक वर्षं पहिलं राहिलं. ही नावं मात्र त्या फिरत्या मजकुरात येत नाहीत.

आता "तेवढ्या बातम्या कुठून आणणार?" हा प्रश्न. असा रेडिओ कोणी दिवसभर ऐकत बसत नाही, आणि बसावं अशी अपेक्षाही नसते. विन्सचं ब्रीदवाक्यच होतं की तुम्ही आम्हाला 22 मिनिटं द्या, आम्ही तुम्हाला जग देतो. बातम्यांचं चक्र फिरत राहतं, दर फेरीत एखादी नवी बातमी आत येते, शिळी बाहेर जाते आणि ऐकणारे बदलत राहतात. रस्त्यांची आणि हवामानाची खबर तर ठरलेल्या मिनिटाला येते. मुंबईत सकाळी आठला एवढंच सांगितलं तरी पुरे: कुर्ला आणि शीवच्या मध्ये सिग्नल बिघडलाय, धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्यात, अंधेरी सबवे पाण्यामुळे बंद, दुपारी भरती. दहा मिनिटांनी यातली एक ओळ बदललेली असेल, आणि ठाण्याहून निघणाऱ्याला नेमकी तीच हवी असेल.

मोबाईलचा मुद्दा अर्धा खरा आहे. बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम नसतं, किंवा असूनही बंद ठेवलेलं असतं. ते बंद ठेवू नका, असं केंद्र सरकारला 2023 मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं. पण टॅक्सीवाल्याने स्टिअरिंगवर असताना स्क्रीन वाचायची कधी? पोळ्या लाटणाऱ्या बाईने, मशीनवर बसलेल्या शिंप्याने? हात गुंतलेले असतात तेव्हा कानच मोकळे असतात. आणि 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली, फोन लागेनात. अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ तेवढा चालतो.

खर्च परवडणार नाही, हे म्हणणं मात्र मला गंभीर वाटतं. गाणी लावायला एक निवेदक पुरतो, बातम्यांना वार्ताहर लागतात, रात्रपाळी लागते. न्यूयॉर्क आणि शिकागोत 2011 मध्ये एफएमवर निघालेली बातम्यांची दोन नवी स्टेशनं 2012 मध्येच बंद झाली. तिथे समोर जुनी, मुरलेली स्टेशनं होती. मुंबईत समोर कोण आहे? आकाशवाणीची बातमीपत्रं आहेत आणि ती चांगली असतात, पण शहराची खबर दर दहा मिनिटांनी देणारं कोणी नाही.

नाही, कारण सरकारी परवान्याच्या अटींतच मनाई आहे! साडेतीनशेहून जास्त खासगी टीव्ही वाहिन्या बातम्या देऊ शकतात. खासगी एफएमला मात्र स्वतःची एक बातमी देता येत नाही, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल अशा गोष्टींना 'बातमी' मानत नाहीत म्हणून त्या सुटल्या. रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलंय. या बंदीविरुद्ध 2013 मध्ये तिथे जनहित याचिकाही गेली. 2023 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी देण्याची शिफारस केली. म्हणजे ती जशीच्या तशी मान्य झाली तरी उरलेली पन्नास मिनिटं गाणीच.

जे स्टेशन काढूच दिलेलं नाही, त्याला श्रोते नाहीत हे कोणी आणि कसं मोजलं? बंदी उठवा, आणि बातम्यांच्या स्टेशनला गाण्यांच्या स्टेशनसारखी कोट्यवधींची बोली लावायला न लागता वेगळा, स्वस्त परवाना द्या. मग पडलं तर पडू दे.