‘अशा प्रकारे’ने सुरू होणारा शेवट

हायस्कूलच्या मुलांना निबंधाच्या शेवटी ‘सारांश लिहा’ असं सांगणं आता बंद करायला हवं. ३०० शब्दांच्या निबंधाचा सारांश कोणाला हवा असतो? वाचणाऱ्याने मधला मजकूर मिनिटभरापूर्वीच वाचलेला असतो. मुलं बिचारी सांगितलं तेच करतात आणि मग कागदावर उतरतं: ‘अशा प्रकारे गृहपाठाचे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत. म्हणून त्याचा योग्य वापर केला पाहिजे.’

या वाक्यांतला ‘गृहपाठ’ खोडून तिथे मोबाइल, टीव्ही, वीज, विज्ञान, काहीही घाला. शेवट तसाच चालतो. म्हणजे तो या निबंधाचा शेवटच नाही. नाव बदलून बघण्याची ही चाचणी मुलांना एकदा फळ्यावर करून दाखवा. आधी हसतात, मग आपापली वही उघडून बघतात.

आता शेवट करायचा कसा? त्याच निबंधाची सुरुवात समजा अशी आहे: ‘रात्रीचे दहा वाजलेत. वही उघडी आहे, डोळे मिटलेत.’ मध्ये दोन मुद्दे आलेत: सरावाशिवाय गणित येत नाही, आणि गृहपाठ जास्त झाला की मुलं एकमेकांचा उतरवतात. मुलाला विचारा, ‘बरं, मग?’ उत्तर येईल, ‘मग कमी द्यावा.’ पुन्हा विचारा, ‘म्हणजे नक्की काय करावं?’ दुसऱ्या-तिसऱ्या ‘मग?’ला खरा शेवट हाती लागतो: ‘गृहपाठ बंद करू नये, पाच विषयांचा गृहपाठ एकाच दिवशी देणं बंद करावं. मग ती वही नऊलाच मिटेल आणि आतली गणितं उतरवलेली नसतील.’ दोन्ही मुद्दे यात आहेत, पण मोजून दाखवलेले नाहीत. सुरुवातीची वही परत आली, पण बदलून आली. सुरुवातीचं वाक्य जसंच्या तसं शेवटी डकवणं वेगळं. तो आळस झाला.

वर्गात यासाठी एक तास पुरतो. शेवटचा परिच्छेद कापलेला एकच निबंध सगळ्यांना द्या. १० मिनिटांत प्रत्येकाने दोन वेगवेगळे शेवट लिहायचे, तीन-चार वाक्यांचे. मग नावं न सांगता पाच-सहा मोठ्याने वाचा आणि कोणता शेवट याच निबंधाचा वाटतो ते मुलांनाच ठरवू द्या. निबंध तयार मिळाल्यामुळे सगळी ताकद शेवटावर लागते. एरवी शेवटाची पाळी येईपर्यंत हात दुखायला लागलेला असतो आणि घड्याळ पुढे गेलेलं असतं. परीक्षेत शेवट फसण्याचं हे सर्वांत साधं कारण आहे. म्हणून शेवटाचं एक वाक्य कच्च्या आराखड्यातच लिहून ठेवायची सवय लावा आणि शेवटची पाच मिनिटं त्यासाठी राखायला सांगा. लांबी निबंधाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ३०० शब्दांना ३०-४० शब्द.

शेवटी नवा मुद्दा काढू नये, हे बहुतेक जण सांगतात. का ते सांगत नाहीत. पुरावा द्यायला जागाच उरलेली नसते, त्यामुळे तो मुद्दा लटकतो आणि आधीचे मुद्देही अर्धवट वाटायला लागतात. मुलाला तो फार आवडला असेल तर बाण काढून मधल्या परिच्छेदात न्यायला सांगा.

प्रकारानुसार खोड बदलते. कल्पनाप्रधान निबंधात हमखास ‘इतक्यात आईने हाक मारली आणि मी भानावर आलो’. या आईला आता विश्रांती द्या! आत्मवृत्तात नदी पानभर छान बोलते आणि शेवटच्या ओळीत एकदम घोषणा देते, ‘पाणी वाचवा!’ नदीने नदीसारखंच बोलावं. आटलेल्या पात्रातला एखादा उघडा पडलेला दगड तिने दाखवला की पुरे. वर्णनात्मक निबंधात तर मत मांडायचीही गरज नसते, नजर जिथे शेवटची थांबते तिथे थांबावं.

आणि तपासताना ‘शेवट प्रभावी हवा’ असा शेरा मारू नका. त्यातून मुलाला काहीच कळत नाही. नको असलेल्या वाक्याखाली रेघ ओढा आणि समासात एवढंच लिहा: ‘मग?’