व्हेंटिलेटर लावला की न्यूमोनिया होणारच? त्या मेसेजबद्दल थोडं

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलेल्या घरांपर्यंत एक मेसेज हमखास पोहोचतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: व्हेंटिलेटरच्या हवेतूनच जंतू जातात, त्यामुळे न्यूमोनिया ठरलेला. तो टाळायचा तर अँटिबायोटिक आधीपासून चालू ठेवा, तासातासाला सक्शन करा (म्हणजे श्वासनळीतला स्राव ओढून काढा), व्हेंटिलेटरच्या नळ्या रोज बदला आणि आईला बाळापासून लांब ठेवा.

यात खरं एवढंच की धोका असतो. व्हेंटिलेटरवर दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाला असा न्यूमोनिया होऊ शकतो आणि दिवस वाढतात तसा धोकाही वाढतो. 'ठरलेला' मात्र नाही.

जंतू बहुतेक वेळा येतात ते बाळाच्याच तोंडाघशातून आणि बाळाला हाताळणाऱ्यांच्या हातांवरून. श्वासनळीत नळी असल्यामुळे बाळाला नीट खोकता येत नाही. त्यातच नवजात बाळांच्या नळीला सहसा फुगा नसतो, म्हणून घशात साठलेली लाळ नळीच्या बाजूने खाली झिरपते. डोक्याकडची बाजू १५ ते ३० अंश वर ठेवतात ती यासाठीच. आणि हात धुणे, दर वेळी, बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर. हातमोजे घातले म्हणून त्यातून सुटका नाही.

'तासातासाला सक्शन' हा सल्ला ऐकायला काळजीचा वाटतो, पण सगळ्यात घातक तोच. दर सक्शनला बाळाचा ऑक्सिजन खाली येऊ शकतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात, श्वासनळीचं नाजूक अस्तर सोललं जाऊ शकतं. अकाली जन्मलेल्या बाळात मेंदूच्या रक्तप्रवाहातही चढउतार होतात. म्हणून घड्याळाकडे बघून नाही, बाळाकडे बघून सक्शन करायचं: नळीत स्राव दिसतोय, छातीत घरघर ऐकू येतेय, ऑक्सिजन कारणाशिवाय घसरतोय. कॅथेटर (सक्शनची बारीक नळी) श्वासनळीतल्या नळीच्या टोकापर्यंतच जाईल असं आधी मोजून घ्यायचं आणि काही सेकंदांत काम संपवायचं. स्राव पातळ व्हावा म्हणून दर वेळी नळीत सलाईन सोडायची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते. तिने फायदा होत नाही, उलट नळीच्या आत चिकटलेले जंतू खोल ढकलले जाऊ शकतात. आणि तोंडात वापरलेलं कॅथेटर श्वासनळीच्या नळीत कधीच नाही. हे सांगावं लागू नये, पण गडबडीच्या ड्यूटीत नेमकं हेच चुकतं.

नळ्या रोज बदलणं? सर्किट, म्हणजे व्हेंटिलेटरपासून बाळापर्यंतच्या नळ्या, जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना वाट मिळते. ते खराब दिसलं किंवा नीट चालेनासं झालं तरच बदलायचं. खरं लक्ष द्यायचं ते नळ्यांत साठणाऱ्या पाण्याकडे. बाळाची कूस बदलण्याआधी ते पाणी बाळापासून दूरच्या बाजूला काढून टाकायचं, नाहीतर कूस बदलताना तेच थेट श्वासनळीत उतरतं.

अँटिबायोटिकबद्दल फार बोलायला नको. संसर्ग नसताना दिलेल्या औषधाने न्यूमोनिया टळत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात.

आईला लांब ठेवण्याचा सल्ला तर उलटाच आहे. तोंडाच्या निगेसाठी निर्जंतुक पाणी किंवा आईचं दूध वापरतात. पहिल्या दिवसांतल्या चिकात संसर्गाशी लढणारे घटक भरपूर असतात आणि ते काढून देणारी आईच. (मोठ्या माणसांसाठीचा क्लोरहेक्सिडीन माउथवॉश नवजात बाळाला नको. २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तो मोठ्यांनाही सरसकट वापरू नये असं म्हटलं आहे.) बाळ स्थिर असेल आणि सोबत अनुभवी सिस्टर असतील, तर व्हेंटिलेटरवरच्या बाळालाही आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने देता येतं.

सगळ्यात मोठा उपाय मेसेजमध्ये नाहीच: नळी लवकरात लवकर काढणं. राउंडला रोज विचारलं गेलं पाहिजे, आज काढता येईल का? आईवडिलांनीही हे जरूर विचारावं. जमेल तिथे सीपॅपवर (श्वासनळीत नळी न घालता नाकातून हलक्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) आणतात, अकाली जन्मलेल्या बाळांना स्वतः श्वास घ्यायला कॅफीन या औषधाची मदत होते. पण घाईने काढून पुन्हा घालावी लागली, किंवा पट्टी सैल पडून नळी आपोआप निघाली, तर धोका वाढतो. म्हणून कूस बदलताना, एक्स-रे काढताना एका सिस्टरचा हात नळीवर हवाच.