पंधरा प्रती आणि पंधराही मूळ? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्टुडिओतील माझ्या दिनक्रमावरच्या लेखाखाली आपण जी प्रतिक्रिया लिहिली आहे, तिला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. म्हणून हे थोडे लांबणार आहे. आपले आक्षेप मला समजले ते असे : एकाच ठशावरून पंधरा प्रती काढायच्या आणि प्रत्येकीला ‘मूळ चित्र’ म्हणून किंमत लावायची, ही घेणाऱ्याची फसवणूक आहे, रोज ठरल्या वेळी बसून केलेले काम ही कारकुनी असते, आणि उत्तम छपाईयंत्रे हाताशी असताना ठशावर ठेवलेला कागद पळीच्या पाठीने घासून हाताने छापत बसणे हा निव्वळ नखरा आहे.

शेवटच्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘हाताने केलेले तेच खरे’ असे एक वाक्य मी त्या लेखात लिहून गेलो होतो. ते मी मागे घेतो. माझ्या खोलीत प्रेस मावला असता, तर पळी मी केव्हाच स्वयंपाकघरात परत दिली असती.

प्रतींच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आपण रविवर्म्याच्या छापील देवदेवतांचा दाखला दिला आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या त्या छापखान्यात आधी रंगवलेले चित्र समोर असे, मग कारागीर त्यातील रंग सुटे करून एकेका रंगासाठी एकेक दगड तयार करीत, आणि त्या दगडांवरून निघालेली लक्ष्मी घरोघरच्या भिंतींवर जाई. त्या चित्रांना मी कमी लेखत नाही. आमच्या आजीच्या देवघरात त्यांतलेच एक होते. पण त्या प्रतिकृती होत्या, कारण ज्याची नक्कल करायची ते चित्र आधीपासून अस्तित्वात होते. लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून छापलेल्या चित्रात, असे आधीचे चित्र नसतेच. माझ्याकडे असतो तो कोरलेला लिनोचा तुकडा, तोही उलटा, कारण छापताना डावे-उजवे बदलते. त्यावर शाई लागून कागद दाबला जाईपर्यंत चित्र कुठेही नसते.

ज्या प्रिंटबद्दल आपण लिहिले, ते पावसातले एसटी स्टँड, चार रंगांचे आहे आणि चारही रंग एकाच लिनोवरून काढलेले आहेत. या पद्धतीला रिडक्शन म्हणतात; पिकासोने १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये काम करताना ती पुष्कळ वापरली. प्रथम सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा, मग चित्रात जिथे पिवळा राहायला हवा तेवढा भाग लिनोवरून कोरून टाकायचा, उरलेल्या भागाने लाल छापायचा, पुन्हा कोरायचे, मग राखाडी, आणि शेवटी काळा. काळ्यापर्यंत पोहोचताना लिनोवर फक्त काळ्यापुरताच भाग शिल्लक असतो, त्यामुळे सोळावी प्रत कोणी कितीही पैसे देऊ केले तरी निघू शकत नाही. मी २४ कागदांनी सुरुवात केली होती. कुठे रंग रेषेबाहेर सरकला, कुठे शाई जास्त झाली, दोन कागदांवर पावसाळी हवेने बुरशी धरली, आणि हातात १५ राहिले.

एकरंगी लिनोची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे आपला संशय रास्त आहे, कारण ठसा शाबूत राहतो आणि चित्रकाराच्या मनात आले तर तो गुपचूप आणखी प्रती काढू शकतो. म्हणून ठरलेल्या प्रती झाल्या की मी ठशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी चीर मारतो आणि त्या चिरलेल्या ठशाचा एक प्रिंट काढून वहीत ठेवतो. ही रीत जुनी आहे, पण लेखात ती मी सांगितलीच नव्हती. किंमतपत्रकातही ‘मर्यादित प्रती’ एवढेच मोघम लिहिले होते. ते आता दुरुस्त केले आहे. बाजारात रंगचित्राचा फोटो यंत्रावर छापून त्यावर पेन्सिलीने ३/५० (पन्नासांतली तिसरी प्रत) असा आकडा घालून विकण्याचा उद्योगही चालतो, त्यामुळे आपल्यासारख्या जाणकार ग्राहकाने सावध असणे मला गैर वाटत नाही.

राहता राहिली कारकुनी. हा शब्द मला लागला नाही, कारण निम्मे काम खरोखरच तसे आहे. माझी वही आहे. तीत तारीख, कागद, शाईत जवसाचे तेल किती टाकले, हवा कशी होती, हे सगळे लिहिलेले असते. तेलाची शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही. ती हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते. माझ्या खोलीत मे महिन्यात जो थर दुसऱ्या दिवशी तयार होतो, तोच श्रावणात चार-चार दिवस ओलसर राहतो. घाई केली तर वरचा रंग खालच्यात मिसळतो. फार दिवस लोटले तर खालचा थर चकचकीत होतो आणि वरचा त्यावर नीट बसत नाही. तेव्हा रोज जाऊन बोट लावून पाहावे लागते, आणि माझे वेळापत्रक स्फूर्तीपेक्षा ही शाईच ठरवते. प्रिंट दोरीवर वाळत असताना मी रंगचित्रावर बसतो. हे दोन वेगळे छंद आहेत असे आपल्याला वाटले असावे. पण राखाडीत हिरवा किती घालायचा, हे मी कॅनव्हासवर चुकून शिकतो, कारण तिथे चूक खरवडता येते आणि लिनोवर एकदा कोरलेले परत भरता येत नाही. (एका जुन्या लिनोवर मी ‘पंढरपूर’ची पाटी सुलटी कोरली होती. बारा प्रिंट निघेपर्यंत लक्षातच आले नाही. तेव्हापासून रोज चार अक्षरे उलटी काढून पाहतो.)

स्फूर्ती येते तेव्हा ती कुठे येते, हेही सांगतो. काचेवर शाई पसरून रोलर फिरवताना शाई जास्त असेल तर चिकट, ओढल्यासारखा आवाज येतो. प्रमाण जुळले की मंद आचेवर काही परतत असल्यासारखी बारीक चरचर ऐकू येते. मग लिनोवर शाई, त्यावर कागद, आणि पळीची पाठ गोल फिरवत मधून कडेकडे घासत जायचे. अर्ध्यावर एक कोपरा अलगद उचलून पाहतो, दुसऱ्या हाताने बाकीचा कागद घट्ट दाबून धरलेला असतो. एसटी स्टँडच्या काळ्याच्या वेळी तिसऱ्या कागदाचा असा कोपरा उचलला, तेव्हा छताखालचा काळा पुरता भरला नव्हता, आणि त्या विरळ जागेतून खालचा राखाडी पावसाच्या धारांसारखा दिसत होता. मी तिथे पुन्हा पळी फिरवली नाही. पुढच्या कागदांवर त्या जागी हात मुद्दाम हलका ठेवला; तरी प्रत्येकावर पाऊस थोडा वेगळाच पडला आहे.

आपण पाहिलेला फोटो ११/१५चा होता. सोबत ३/१५चा फोटो जोडत आहे. दोन्हींतील छताखालचा भाग शेजारी ठेवून पाहावा.