फुकटच्या जत्रेचा खर्च

अ‍ॅन आर्बरच्या आर्ट फेअरला तिकीट नाही. जुलैमध्ये डेट्रॉईटच्या आसपासच्या मराठी घरांत भारतातून आलेले आईबाबा, काका-काकू मुक्कामाला असतात. त्यांना एवढं कळलं तरी पुरतं. मिशिगनमधल्या या विद्यापीठाच्या गावात ही जत्रा १९६० पासून भरते. मेन, लिबर्टी, स्टेट हे रस्ते गाड्यांना बंद आणि जिकडेतिकडे आपली चित्रं, भांडी विकायला बसलेल्या कलाकारांचे तंबू.

पहिला फटका पार्किंगचा. उशिरा पोचलात तर मधल्या पार्किंग इमारती भरलेल्या, मग एखाद्या चर्चच्या आवारात देवाच्या साक्षीने पैसे मोजायचे. त्यापेक्षा गावाच्या दक्षिणेला ब्रायरवुड मॉलपाशी गाडी लावून शटल धरावी. परतीची शेवटची बस कितीला, हे उतरतानाच विचारून घ्यावं.

मला चित्रांपेक्षा तंबूंचं कौतुक जास्त. दहा बाय दहा फुटांचा तंबू, आणि डांबरात खुंटी ठोकायची सोय नाही. म्हणून प्रत्येक पायाला निदान ४० पौंड वजन. पाच गॅलनची बादली पाण्याने भरली की तेवढं होतं. पण ती नुसती शेजारी ठेवून भागत नाही. पट्ट्याने वरच्या चौकटीला आवळून बांधावी लागते. नाहीतर वारा सुटला की बादली जागेवर आणि तंबू समोरच्या कुंभाराच्या भांड्यांवर. दुपारची वादळी सर फेअरच्या आठवड्यात येणारच, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. छत जरा सैल असलं की झोळात पाणी साठतं आणि त्या भाराने चौकट वाकते. ते आतून झाडूच्या दांड्याने ढकलायचं. ढकलण्याआधी कडेला कोण उभं आहे ते बघावं. बहुधा आमचे काका असतात, आडोशाला पैसे पडत नाहीत म्हणून.

घासाघीस सहसा चालत नाही. वस्तू घडवणारा माणूसच समोर बसलेला असतो. तरी आई मराठीत सुरू करतेच, “एवढ्याशा मडक्याला साठ डॉलर? विचार त्याला, दोन घेतली तर?” विचारायचंच तर शेवटच्या दिवशी, आवराआवरीच्या तासभर आधी. जड भांडी पुन्हा गाडीत चढवायची हौस कोणालाच नसते.

खरेदी शेवटीच करावी, याला आणखी एक कारण आहे. प्लास्टिकच्या त्या फिरत्या शौचालयात फुलदाणी घेऊन शिरता येत नाही, आणि ती बाहेर धरून उभे राहणारे काका तेव्हा नेमके सरबताच्या रांगेत असतात.