रात्री अडीचला फोन कोण उचलतो?

घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या एका कंपनीत मी चार वर्षे अटेंडंट म्हणून आणि पुढे दोन वर्षे कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे कोणत्या घरी कोण जाईल ते ठरवणारी म्हणून, काम केले. राजीनामा दिल्यावर लगेच लिहिले असते तर ते रागाच्या भरात लिहिले गेले असते, म्हणून इतके महिने थांबले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण इतरत्र हेच काम केलेल्या सहकाऱ्यांशी बोलताना मला वारंवार माझीच हकिकत ऐकू आली. दोष एखाद्या मालकाच्या स्वभावाचा असता तर मी गप्प बसले असते. पण तो या व्यवसायातल्या कारभाराच्या पद्धतीचाच आहे, असे माझे मत झाले आहे.

रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्ण घसरला तर हाक मारल्यावर कोणीतरी धावून येते. घरच्या ड्यूटीवर आपण परक्याच्या घरात एकटे असतो. शेजारी सहकारी नसतो, वरिष्ठ नसतात, आणि ज्यांच्याशी वाद होऊ शकतो त्यांच्याच छताखाली आपण बारा तास काढत असतो. अशा नोकरीत कंपनी म्हणजे मोबाइलमधला एक नंबर. तो उचलला जातो की नाही, आणि उचलल्यावर पलीकडचा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, त्यावरून कर्मचाऱ्याला आपल्या कंपनीची किंमत कळते.

मला ती पहिल्याच वर्षी कळली. अर्धांगवायू झालेल्या एका गृहस्थांकडे माझी रात्रपाळी होती. 'थोडा आधार दिल्यास चालतात' असे त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्यांना कुशीवर वळवायलाही दोन माणसे लागली असती. रात्री अडीचच्या सुमारास ते पलंगाच्या कडेवरून घसरू लागले. घरात त्यांच्या वृद्ध पत्नीशिवाय कोणी नव्हते. मी त्यांना कसेबसे अंगावर तोलून धरले, हळूहळू जमिनीवर बसवले आणि सुपरवायझरना फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर तो उचलला गेला, आणि मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "घरच्यांनी तक्रार केली आहे का?" रुग्ण कसे आहेत हा प्रश्न दुसरा आला. मी कशी आहे, हा प्रश्न आलाच नाही. त्यानंतर पाठीच्या दुखण्याने मी पाच आठवडे घरी होते आणि ती सगळी रजा बिनपगारी होती.

फाइलमध्ये तसे का लिहिले होते, ते कोऑर्डिनेटर झाल्यावर समजले. पहिली भेट घेऊन फॉर्म भरणाऱ्यावर ते काम कंपनीला मिळवून देण्याची जबाबदारी असते. 'दोन माणसे लागतील' असे खरे लिहिले की दर दुप्पट होतो आणि कुटुंब दुसऱ्या कंपनीकडे वळते. मग रुग्णाची अवस्था कागदावर थोडी सौम्य होते आणि तो फरक अटेंडंटच्या कमरेवर पडतो. यात कोणी दुष्ट असावे लागत नाही. ज्याने फॉर्म भरला त्याला तो रुग्ण कधीच उचलावा लागत नाही, एवढेच पुरेसे असते.

आता माझ्याविषयी लिहिले पाहिजे, कारण ते वगळून हे सारे सांगण्याचा मला अधिकार नाही. कोऑर्डिनेटरच्या टेबलावर रोज सकाळी एकच आकडा विचारला जायचा, तो म्हणजे आज किती ड्यूट्या रिकाम्या आहेत. रुग्णाला सतत पडून राहून होणारी जखम, म्हणजे शय्याव्रण, झाला का, एकाच घरी आठवड्यात चार वेगवेगळे अटेंडंट का गेले, कोण सलग किती तास जागे आहे, यांपैकी काहीही त्या बैठकीत येत नसे. दोन वर्षांत मी नकळत त्या आकड्याची झाले. रात्रीचे बारा तास संपवून घरी निघालेल्या बाईंना, "फक्त आज थांबा, संध्याकाळपर्यंत रिलिव्हर पाठवते," असे मी कितीदा सांगितले असेल, याची मला लाज वाटते; कारण बदलीला येणारी व्यक्ती, म्हणजे रिलिव्हर, उपलब्ध नाही हे मला फोन करतानाच माहीत असायचे. पुढे त्यांनी माझे फोन घेणे बंद केले, तेव्हा मी त्यांच्या नावापुढे 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारला. तो आजही कंपनीच्या नोंदीत असेल.

महिन्याच्या बैठकीत मात्र 'आपण सारे एक कुटुंब आहोत' हे वाक्य हमखास असायचे. कुटुंब हा शब्द आमच्याकडे जादा तास मागताना वापरला जाई, पगारी रजा मागितली की लगेच नियमपुस्तिका उघडली जाई.

तासांचा हा प्रश्न साऱ्या जगात याच कामाशी जोडलेला आहे. अमेरिकेत एव्हलिन कोक या गृहसेविकेने ओव्हरटाइमच्या मोबदल्यासाठी दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2007 मध्ये निकाल तिच्या विरोधात लागला, कारण 1974 च्या कायदादुरुस्तीत 'सोबत करण्याच्या' कामाला ओव्हरटाइमच्या तरतुदीतून सूट दिलेली होती. 2009 मध्ये ती वारली. कंपन्यांमार्फत काम करणाऱ्यांना ती सूट लागू होणार नाही, असा नियम 2013 मध्ये झाला आणि 2015 मध्ये तो अमलात आला. 'सोबत' हा शब्दच घातक आहे. रुग्णाचे डायपर बदलणे, नळीतून अन्न देणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, याला सोबत म्हटले की ते काम उरत नाही, मायेपोटी होणारी गोष्ट ठरते. आमच्याकडेही रात्रपाळीचा दर कमी ठेवताना 'रुग्ण झोपला की तुम्हीही झोपताच' हेच कारण दिले जायचे. घरकामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2011 च्या करारात, हाक येईल म्हणून घरात तयार राहण्याचा वेळही राष्ट्रीय कायदे ठरवतील त्या मर्यादेत कामाचा वेळ धरावा, असे म्हटले आहे. ज्याने एकदा तरी कान उघडे ठेवून रात्र काढली आहे, त्याला यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

चोरीच्या आळाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल लिहिताना अजूनही हात थरथरतो. घरातली वस्तू सापडली नाही की संशय आधी आमच्यावर येतो, हे मी समजू शकते. पण कंपनीने आमची बाजू ऐकण्यापूर्वी ड्यूटी काढून घ्यावी, आणि वस्तू घरातच सापडल्यावरही बुडालेल्या दिवसांचे पैसे देऊ नयेत, हे मला कधीच समजले नाही.

यापेक्षा वेगळे चालवता येते, हे नुसते स्वप्न नाही. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक या परिचारकाने 2006 मध्ये काही सहकाऱ्यांसह बुर्तझोर्ख ही घरपोच रुग्णसेवा देणारी संस्था सुरू केली. तिथे जास्तीत जास्त 12 जणांचा गट आपल्या भागातल्या रुग्णांचे वेळापत्रक, सुट्ट्या आणि नव्या सहकाऱ्यांची निवड स्वतः ठरवतो. गटावर व्यवस्थापक नसतो, अडचण आली तर मदतीला प्रशिक्षक असतो. ही पद्धत जशीच्या तशी सगळीकडे चालेल असे मी म्हणत नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळापत्रक ठरवणारा माणूस स्वतः रुग्णाच्या पलंगाशेजारी उभा राहिलेला असतो.

शेवटी रुग्णाच्या मृत्यूविषयी. अकरा महिने ज्या आजींना मी अंघोळ घातली, भरवले, त्या एका पहाटे माझ्यासमोर गेल्या. मी कंपनीला कळवले. उत्तर आले की ड्यूटी त्या तासापासून बंद धरली जाईल आणि दुपारी दुसऱ्या घरी हजर व्हावे. मी गेले, आणि तोंड पुसताना मला त्या नव्या रुग्णाचेच नाव आठवेना.

राजीनाम्याच्या पत्रात मी तीनच गोष्टी मागितल्या. रुग्णाच्या फाइलवर, प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याने पहिल्या पाळीनंतर सही केल्याशिवाय ती अंतिम मानू नये. रात्री फोन उचलण्यासाठी पगारी माणूस नेमावा, आणि त्याने हे काम आधी स्वतः केलेले असावे. रुग्ण गेल्यावर त्याच्याजवळ असलेल्या कर्मचाऱ्याला एक दिवसाची पगारी रजा द्यावी. पत्र मिळाल्याची पोच आली आहे. ज्यांच्या नावापुढे मी तो शेरा मारला होता, त्या बाईंना मागच्या आठवड्यात मी फोन केला. त्यांनी तो उचलला, आणि नव्या कंपनीतली बारा तासांची पाळी संपवून नुकत्याच घरी पोहोचल्याचे सांगितले.